सिंह पाहिले, नगर राहिले

केनियाची सहल करून आलेले आमचे बांधव भेटले की सिंह किती दिसले, हे प्रथम सांगतात. मोंबासास जाऊनही तेथील जीझस किल्ला मात्र पुष्कळांनी पाहिलेला नसतो. कारण विचारावे, तर उत्तर तयार : ‘आफ्रिकेला इतिहास तो कसला?’

हे अज्ञान नव्हे, हा उद्दामपणा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १५९३ साली पोर्तुगीजांनी हा किल्ला बांधावयास घेतला. त्याचा आराखडा करणारा कैराती हा पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य स्थपती. दीर्घ वेढ्यानंतर १६९८ साली ओमानच्या अरबांनी तो जिंकला. १७३९ च्या स्मरणाने वसईच्या बुरुजांपाशी ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी या बुरुजांकडे पाठ फिरवावी, हे नवलच!

आणि इतिहास काही पोर्तुगीजांनी गलबतातून आणला नाही. मोंबासाच्या उत्तरेस गेदीचे भग्न नगर आहे. प्रवाळी दगडांची घरे, मशिदी, विहिरी आजही तेथे दिसतात. उत्खननात चिनी मातीची भांडी निघाली. पंधराव्या शतकात भरभराटीस असलेले हे नगर स्वाहिली लोकांचे.

परप्रांती ‘तुमच्या महाराष्ट्रात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असे कोणी विचारले, तर आम्ही संतापून रायगडापासून अजिंठ्यापर्यंत यादी म्हणून दाखवतो. तोच प्रश्न आम्ही दुसऱ्याच्या दारी विचारावा काय? सिंह अवश्य पाहावेत. परंतु घरधन्याशी शब्दही न बोलता केवळ गोठा पाहून परतणाऱ्यास आमच्या गावी पाहुणा म्हणत नाहीत.