ज्योत पिवळी का पडते?

मैत्रिणींनो, गंजाचं बूड काळं पडलं की आपण चिंच आणि घासणी घेऊन बसतो. हात दुखेस्तोवर घासतो, पण ते काळं कशानं झालं हे विचारायचं राहूनच जातं. दोष बहुधा भांड्याचा नसतो, ज्योतीचा असतो. गॅस नीट जळला तर बुडाला काजळी धरत नाही. शिवाय पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. बंद स्वयंपाकघरात डोकं जड होतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो, "ऊन लागलं असेल!" म्हणून महिन्यातून एकदा शेगडीकडे पाच मिनिटं नीट पाहावं.

ज्योतीच्या आधी गळती पाहावी. शेगडीच्या चाव्या बंद ठेवून फक्त रेग्युलेटर सुरू करावा. वाटीत साबणाचा फेस करून तो रेग्युलेटरच्या जोडाला, रबरी नळीच्या दोन्ही टोकांना आणि चाव्यांपाशी लावावा. बुडबुडे फुगले की तिथून गॅस निसटतोय असं समजावं. काडी पेटवून गळती शोधायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नये. गळती दिसली तर रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात. दिव्या-पंख्याच्या बटणाला हात लावू नये, कारण ठिणगी उडते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वरचा झरोका त्याला पुरत नाही, दारच उघडं हवं. मग घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो.

गळती नाही ना? मग शेगडी पेटवा. चावी फिरवली की जेटच्या बारीक छिद्रातून गॅस जोरानं निघतो आणि बाजूची हवा ओढून घेतो. बर्नरखालच्या नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांतून बाहेर पडून जळतात. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी, आखूड आणि स्थिर राहते. कमी पडली तर ती पिवळी, लांब आणि लवलवती होते. हवा जास्त झाली तर ज्योत फुरफुरते आणि बर्नर सोडून वर उचलली जाते. मिठाचं पाणी उतू गेल्यावर घटकाभर नारिंगी छटा दिसते, तिला मात्र भिऊ नये.

एकच बर्नर बिघडला असेल तर दोष बहुधा त्या बर्नरचा. दोन्ही बर्नर मंद जळत असतील तर सिलिंडर संपत आला आहे का, नळी कुठे दुमडली आहे का, हे आधी पाहावं. तसं नसेल तर रेग्युलेटर तपासून घ्यावा.

एका बर्नरचा दोष पुष्कळदा घरीच निघतो. फुलका ज्योतीवर शेकताना कणकेचं पीठ छिद्रांत पडतं, वर दूध उतू जातं, आणि त्याचा लगदा वाळून बसतो. रेग्युलेटर बंद करून, शेगडी गार झाल्यावर बर्नर उचलावा आणि कोमट साबणाच्या पाण्यात भिजवावा. पितळी असेल तर चिंच लावली तरी चालते. छिद्रांतला मळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढावा. बर्नर पूर्ण वाळवून मगच बसवावा. ओला राहिला तर ज्योत तुटक येते, आणि तिरपा बसला तर "फट्" आवाज होऊन आतच पेट घेते. तसं झालं तर लगेच चावी बंद करावी. उन्हाळ्यात माहेरी राहून परतलात तर बर्नरखालच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा झुरळं नाहीत ना, हेही पाहावं.

एवढं करूनही ज्योत पिवळीच राहिली, तर हवेची फट पाहायची. काही शेगड्यांना नळीच्या तोंडाशी फिरणारी चकती असते. ती गॅस बंद करून, शेगडी गार असताना थोडीशी फिरवावी आणि पुन्हा पेटवून पाहावी. चकती नसेल किंवा गंजून घट्ट बसली असेल तर जोर करू नये, मेकॅनिकला बोलवावं.

जेटला मात्र आपण हात लावायचा नाही. त्यात सुई घातली तर छिद्र मोठं होतं, गॅस जास्त येतो आणि ज्योत आणखीच पिवळी होते. छिद्राचं माप किती महत्त्वाचं, ते पाइपच्या गॅसवरून कळतं. मुंबई-पुण्याला लेकीकडे तसा गॅस असेल, तर आपली सिलिंडरची शेगडी तिथं जेट बदलल्याशिवाय चालत नाही. रेग्युलेटर उघडायचा नाही, हेही तसंच.

आमच्या लोहाऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. मग झळा येऊ नयेत म्हणून दारं बंद आणि कूलर थेट ओट्याकडे! कूलरच्या वाऱ्यानं मंद ज्योत विझते, गॅस तसाच चालू राहतो, आणि आपण पलीकडे तांदूळ निवडत असतो. म्हणून कूलरचं तोंड वळवावं आणि ओट्याजवळची खिडकी थोडी तरी उघडी ठेवावी. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये, बाहेरची आच निव्वळ वाया जाते. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, चीर दिसली तर त्याआधीच. आणि रात्री ओटा पुसला की शेवटचा हात रेग्युलेटरकडे जावा, बरं का!