आयर्लंडमध्ये साप किती?

‘‘सेंट पॅट्रिक मूळचे कुठले?’’ या प्रश्नाला बहुतेक गट पटकन उत्तर लिहून मोकळे होतात : ‘आयर्लंडचे’. आणि पहिलाच गुण हुकतो! आयर्लंडचे हे संत जन्मले ते रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये. सोळाव्या वर्षाच्या सुमारास समुद्री लुटारूंनी पळवून त्यांना आयर्लंडमध्ये गुलाम केले. तिथून ते निसटले आणि पुढे धर्मप्रचारक होऊन त्याच भूमीत परतले.

१७ मार्च हा त्यांचा दिवस. या निमित्ताने आयर्लंडमध्ये आणि परदेशी स्थायिक झालेल्या आयरिश लोकांच्या युवक मंडळांतून प्रश्नमंजूषेचा खेळ रंगतो. आयर्लंडमध्ये त्याला ‘टेबल क्विझ’ म्हणतात. शाळेसाठी किंवा क्लबसाठी निधी जमवण्याचाही तो एक हुकमी मार्ग आहे. रीत साधी. चौघांचा गट, एक टेबल आणि एक कागद. प्रश्न ऐकायचा, आपसांत कुजबुजायचे आणि उत्तर लिहायचे. फेरी संपली की कागद गोळा होतात, गुण मांडले जातात. घंटा दाबण्याची घाई नसल्यामुळे चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगीही शेजारणीच्या कानात उत्तर सांगू शकते आणि गटाला जिंकून देऊ शकते.

अर्थात, प्रश्न चांगले हवेत. हिरव्या टोप्या आणि बुटके परीकथेतले मोची एवढ्यावरच खेळ बेतला, तर एका देशाची नुसती थट्टा होते. ‘भारत म्हणजे गारुडी’ असे कुणी म्हटले की आपल्याला जसा राग येतो, तसाच हा प्रकार! गंमत अशी, की सापांचा प्रश्न या खेळातही असतोच. आयर्लंडमध्ये रानात मूळचे साप किती? एकही नाही. संतांनी ते हाकलून दिले ही दंतकथा. खरे कारण हिमयुगाचे. बर्फ वितळला तोवर मध्ये समुद्र पसरला होता, साप पोचलेच नाहीत.

आयर्लंडचे राष्ट्रीय बोधचिन्ह कोणते? तीन पानांचे शॅमरॉक नव्हे, हार्प हे तंतुवाद्य. तेच तिथल्या नाण्यांवर असते. झेंड्यात पांढरा पट्टा का? एका बाजूचा हिरवा राष्ट्रवादी कॅथलिकांचा, दुसऱ्या बाजूचा नारिंगी प्रॉटेस्टंटांचा. मधला पांढरा दोघांतल्या सलोख्याचा.

काही प्रश्नांना मात्र सभागृह गप्प होते. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. निदान तेवढीच देश सोडून गेली. १८४१ साली या बेटावर ८० लाखांहून अधिक लोक होते. आजही तो आकडा पुन्हा गाठलेला नाही. अशा वेळी १८४७ मध्ये अमेरिकेतून मदत कुणी पाठवली? अनेकांबरोबर चॉक्टॉ या आदिवासी जमातीनेही. काही वर्षांपूर्वीच त्यांना स्वतःच्या जमिनीवरून हुसकावून लावले होते, तरी त्यांनी १७० डॉलर जमवले. कॉर्क परगण्यातील मिडल्टन गावी त्यांच्या स्मरणार्थ पोलादी पिसांचे शिल्प उभे आहे.

शेवटचा प्रश्न मराठी घरांसाठी सोपा. आयर्लंडच्या कोणत्या पंतप्रधानांचे मूळ गाव सिंधुदुर्गात आहे? लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, आई आयरिश परिचारिका आणि गाव मालवण तालुक्यातले वराड. २०१७ ते २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात ते त्या पदावर होते.

मंडळात हा खेळ घ्यायचा असेल, तर दहा-दहा प्रश्नांच्या तीन फेऱ्या पुरतात. गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे हुशार मुले एकाच टेबलावर जमत नाहीत. आणि प्रत्येक उत्तरामागची गोष्ट दोन वाक्यांत जरूर सांगावी. गुण दुसऱ्या दिवशी विसरले जातात. १७० डॉलरची गोष्ट विसरली जात नाही.