निर्मळ पाण्याला वाली कोण?

नदी नासल्यावर हळहळणे आणि ती नासू नये म्हणून जपणे, या दोन भिन्न गोष्टी होत. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी, कायदा केला. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ याच राज्यातील निघाले. ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती.

या यादीचा निकषही विचार करण्याजोगा आहे. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना खर्ची पडणारा प्राणवायू दर लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक झाला, तरच नदीपट्टा प्रदूषित गणला जातो. परंतु केवळ जंतुनाशन करून पिण्याजोग्या पाण्यासाठी हीच मर्यादा २ आहे. म्हणजे १ वर असलेली नदी पावणेतीनपर्यंत घसरली, तर काठच्या गावाचे पाणी जाते. मात्र यादीत त्याची नोंद होत नाही. बिघडलेल्या नदीसाठी निदान आराखडे तरी होतात; चांगल्या नदीला कोणी वाली नाही.

असा वाली राज्याने एकदा निर्माण केला होता. नदीचे पाणी ज्या प्रतीचे, त्या मानाने काठापासून उद्योग किती दूर असावेत, याचे दंडक २००० साली ठरले, २००९ मध्ये सुधारले गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे नदी नियमन क्षेत्र धोरण शासनाने रद्द केले. उद्योगवाढीला अडसर नको आणि प्रदूषणाचे कायदे आहेतच, असा त्यामागील युक्तिवाद. पण सांडपाण्याची प्रत तपासणारा कायदा वेगळा आणि नदीची प्रत राखणारा कायदा वेगळा, हे त्यात विसरले गेले.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याखालील नियमांनुसार, किमान मानकांहून चांगले असलेले पाणी खालावू देण्यापूर्वी त्याची सामाजिक वा आर्थिक निकड सिद्ध करावी लागते, लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. सर्वश्रेष्ठ ठरवलेल्या जलाशयांबाबत तर तेवढीही सवलत नाही.

उद्योग हवेत, याबद्दल दुमत नाही. परंतु कृष्णा-कोयनेच्या उगमाकडील पाणी अजून स्वच्छ आहे, म्हणून तेथे घाण सोडण्यास वाव आहे, असा अर्थ कोणी काढू नये. चांगले पाणी बिघडवू पाहणाऱ्यानेच आपली निकड सिद्ध करावी, हे तत्त्व राज्याने कायद्यात आणावे. नासलेली नदी शुद्ध करण्यास कोट्यवधी रुपये लागतात. निर्मळ नदी राखण्यास वेळीच दिलेला नकार पुरतो.