कितवीचं गाइड हवंय?

भिवंडीतल्या कुठल्याही वह्या-पुस्तकांच्या दुकानात जा आणि ‘गाइड आहे का?’ असं विचारा. समोरून एकच प्रश्न येईल, ‘कितवीचं?’ आपल्याकडे गाइड म्हणजे अभ्यासाचं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडायचं आणि निकाल लागला की रद्दीत घालायचं. व्हिडिओ गेमचंही गाइड असतं, जाडजूड, रंगीत, नकाशांसकट छापलेलं, आणि लोक ते पैसे मोजून घेतात, असं सांगितलं तर दुकानदार हसेल. माझे मित्रही हसतात. त्यांचं म्हणणं एका वाक्यात संपतं : यूट्यूबवर सगळं फुकट असताना पुस्तक कोण घेतो?

माझं भांडण या वाक्याशी आहे. पण त्यात जेवढं खरं आहे तेवढं आधीच मान्य करून टाकतो. बीजीएमआय, फ्री फायर, व्हॅलोरंट असल्या गेमचं छापील गाइड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. अपडेट येतो, बंदुकीचा डॅमेज बदलतो, नकाशात नवी जागा उगवते. छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत पुस्तक शिळं झालेलं असतं. हा धंदा बसलाच आहे, हेही खरं. अमेरिकेतली प्रीमा गेम्स १९९० पासून गाइडं छापत होती. २०१५ मध्ये तिची जुनी स्पर्धक ब्रॅडीगेम्स तिच्यातच विलीन झाली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रीमानेही गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. गेमएफएक्यूजसारख्या साइटवर १९९५ पासून हौशी लोक फुकटात लिहीत होते, त्यांच्यापुढे टिकणं सोपं नव्हतं.

शिवाय छापलंय म्हणून ते चांगलंच, असंही नाही. २००० साली ‘फायनल फँटसी नाइन’चं अधिकृत गाइड निघालं. त्यात जागोजागी अर्धीच माहिती होती. उरलेली हवी असेल तर प्लेऑनलाइन नावाच्या वेबसाइटवर जाऊन अमुक शब्द टाका, अशी सूचना! पैसे पुस्तकाचे आणि उत्तर वेबसाइटवर. पुढे त्या साइटवरून ती पानं गेली आणि लोकांच्या हातात अर्धवट पुस्तक उरलं. गेमर आजही त्या गाइडला शिव्या घालतात, आणि ते बरोबरच आहे.

आता ‘फुकट’कडे वळू. एका दाराची किल्ली कुठे आहे, एवढंच तुम्हाला हवंय. उत्तर एका ओळीचं. पण व्हिडिओ बारा मिनिटांचा. आधी जाहिरात, मग ‘चॅनलला सबस्क्राइब करा’, मग गेल्या व्हिडिओत काय झालं ते, मग पुन्हा जाहिरात, आणि नवव्या मिनिटाला किल्ली. बाजूच्या थंबनेलवर शेवटच्या बॉसचं तोंड आणि गोष्टीतलं कोण मरतं तेही दिसून जातं. यात त्या पोराची चूक नाही. तुम्ही जितका वेळ बघाल तितके त्याला पैसे मिळतात, म्हणून उत्तर लांबवणं हाच त्याचा धंदा आहे. गाइड लिहिणाऱ्याचे पैसे तुम्ही पुस्तक घेतलं तेव्हाच चुकते झाले. तुम्ही त्याच्या पानावर दहा सेकंद थांबलात काय नि दहा मिनिटं थांबलात काय, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे तो किल्लीची जागा नकाशावर लाल ठिपक्याने दाखवतो आणि मोकळा होतो.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी आणखी एक साधी गोष्ट. आपल्यातल्या बहुतेकांकडे एकच स्क्रीन आहे. गेम त्यावरच आणि उत्तरही त्यावरच. चार जीबी रॅमचा फोन असेल तर गेम मागे टाकून यूट्यूब उघडायचं आणि परत यायचं, तोवर गेम पहिल्यापासून लोड व्हायला लागलेला असतो. सेव्ह झालं नसेल तर अर्धा तास गेला. मांडीवर उघडं पडलेलं पुस्तक रॅम खात नाही. ते डेटाही खात नाही आणि कॉल आला म्हणून बंदही पडत नाही.

पण सोयीपुरताच मुद्दा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. खरा मुद्दा मला माझ्या कामावर कळला.

मी मानकोलीच्या बाजूच्या एका गोदामात काम करतो. तुम्ही मुंबई-ठाण्यात राहत असाल आणि ऑनलाइन काही मागवत असाल, तर ते भिवंडीच्या गोदामांतून आलं असण्याची शक्यता बरीच आहे. गोदामात आमच्या हातात एक यंत्र असतं. ते सांगतं : या रांगेत जा, या रॅकवर चढ, या खणातून हे उचल. उचललं की पुढचं सांगतं. नवा मुलगा पहिल्याच दिवशी कामाला लागतो, शिकवायची गरज पडत नाही. मात्र यंत्राची बॅटरी गेली किंवा नेटवर्क गेलं की तो जागच्या जागी उभा राहतो. महिनाभर ज्या गोदामात तो फिरला, त्यात काय कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. त्याला फक्त पुढची पायरी माहीत होती. उलट जुन्या लोकांपैकी काहींच्या डोक्यात अख्खं गोदाम असतं. ते यंत्र येण्याआधी याद्या वाचून माल काढायचे. त्यांना विचारा, ते डोळे मिटून सांगतात.

व्हिडिओ वॉकथ्रू हे ते यंत्र आहे. डावीकडे वळ, उडी मार, हा दगड ढकल. तुम्ही करता आणि पुढे जाता. गेम संपतो आणि तुम्हाला त्यातलं काही समजलेलं नसतं. छापील गाइड, म्हणजे चांगलं छापील गाइड, त्या जुन्या माणसाच्या डोक्यासारखं असतं. त्यात सगळा नकाशा एका वेळी दिसतो. सगळी हत्यारं एका तक्त्यात शेजारी-शेजारी असतात, प्रत्येकाचं वजन आणि मार लिहिलेला. कोणता शत्रू आगीला घाबरतो आणि कोणता विजेला, हे एका पानावर. तुम्ही किल्ली शोधायला पान उघडता आणि बाजूला दिसतं की याच खोलीला वरून आणखी एक वाट आहे. तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर तिथे असतं. सर्चमध्ये ते कधी मिळत नाही, कारण सर्च फक्त विचारलेलंच शोधतो.

‘मग खेळायची मजा काय राहिली?’ असं कोणी म्हणेल. मजा घालवण्यात व्हिडिओ जास्त पटाईत आहे. पुस्तक बंद असतं, तुम्ही उघडाल तेवढंच उघडतं. व्हिडिओ एक संपला की पुढचा आपोआप सुरू. आणि सह्याद्रीतल्या किल्ल्यांची पुस्तकं वाचून गड चढणाऱ्याची मजा गेली, असं आपण कधी म्हणतो का? प्र. के. घाणेकरांची पुस्तकं वाचून गेलेला माणूस टाकं, चोरदरवाजा, शिलालेख बघून येतो. न वाचता गेलेला सेल्फी काढून येतो.

दुसरा समज असा, की नेटवर आलं म्हणजे कायमचं राहिलं. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं आणि लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पानं गेली, त्यांत गेमची पानंही होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट गेलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि आपल्या पोरांनी केलेले व्हिडिओ आपल्याला दिसेनासे झाले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला पब्जी मोबाइल गेला. बंदी बरोबर की चूक, हा वेगळा वाद. एवढंच लक्षात घ्या, की यातलं काहीही आपल्या हातात नव्हतं. कागदही नष्ट होतो. वाळवी आहे, आमच्याकडे पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी आहे. पण पुस्तक उंच फळीवर ठेवणं तरी आपल्या हातात असतं.

प्रत्येक फोनमध्ये कॅलेंडर आहे, तरी १९७३ पासूनचं कालनिर्णय भिंतीवरून उतरलेलं नाही. हजारो पाककृतींचे व्हिडिओ आहेत, तरी १९७० साली आलेली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ अजून स्वयंपाकघरांत आहे, तेलाच्या डागांसकट. घरातल्या बायकांना कोणी जुनाट म्हणत नाही. त्यांना माहीत आहे की कणीक भिजवलेल्या हातांनी फोन स्क्रोल करता येत नाही. दोन्ही हात गेममध्ये अडकलेल्या माणसाला हे कळायला काय हरकत आहे?

आणि गाइड ही परदेशी हौस आहे, असंही म्हणू नका. सायबर कॅफेच्या काळात ‘व्हाइस सिटी’चे चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलेले असायचे. ‘काँट्रा’त तीस जीव मिळवायचा कोड तर इंग्रजी न येणाऱ्यांनाही पाठ होता : वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं. ती वही हातोहात फिरायची, तिच्या झेरॉक्स निघायच्या. हे आपलं गाइडच होतं. फक्त ते कोडपुरतं राहिलं, पुढे वाढलं नाही.

ते वाढायला हवं होतं, आणि इथे माझा खरा राग आहे. गेम बनवणं ही आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये जगभर गेला, तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. भिवंडीतून पुणं काही तासांचं. पण इथल्या मुलाने गेम आतून कसा असतो हे शिकायचं कुठून? शंभर गेम खेळून ते येत नाही. मागावर दहा वर्षं कापड काढणारा आणि बिघडलेला माग उघडून बसवणारा मिस्त्री, यांच्यात फरक असतो. गाइडातले तक्ते म्हणजे उघडून ठेवलेला माग. या शत्रूला एवढीच ताकद का दिली, ही किल्ली त्या खोलीनंतरच का ठेवली, हे तिथे दिसतं.

मग कोणतं घ्यायचं? एकट्याने खेळायचा, मोठा आणि ज्यात आता फार बदल होणार नाहीत, असा गेम निवडा. तो तुम्हाला खरंच आवडलेला असावा. पिगीबॅक आणि जर्मनीतली फ्युचर प्रेस हे प्रकाशक अजून मन लावून काम करतात. पिगीबॅकने २०२३ मध्ये ‘टिअर्स ऑफ द किंगडम’चं गाइड काढलं. फ्युचर प्रेसने ‘एल्डन रिंग’वर एकापेक्षा जास्त जाड खंड काढले. ती महाग असतात, बाहेरून मागवावी लागतात. एकट्याने घेऊ नका, चौघांनी मिळून घ्या. जुनी प्रत मिळाली तर उत्तम. प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायला, पुढे भाव येईल म्हणून घेणार असाल, तर मात्र नका घेऊ.

पण यातलं एकही मराठीत नाही. मराठीत गेम खेळणारे आणि मराठीत स्ट्रीम करणारे आहेत, पण एखाद्या गेमचा नकाशा हाताने काढून खाली मराठीत चार समजुतीच्या ओळी लिहिलेलं पुस्तक मी पाहिलेलं नाही. सोळा पानं पुरेत. तुमचा सगळ्यात आवडता गेम घ्या, एका लेव्हलचा नकाशा काढा, बॉसच्या चाली लिहा, झेरॉक्स काढून स्टेपल करा आणि मित्राला द्या. त्याला व्हिडिओ न लावता ती लेव्हल पार करता आली, तर तुमचं गाइड जमलं. नाही आली, तर कुठे अडला ते विचारा आणि दुसरी आवृत्ती काढा.