समुद्राचे पैसे

वाचकहो, आमच्या चरोद्याला समुद्र नाही. दुर्ग जिल्ह्यातील हे गाव वाढले ते भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे आणि त्याला लागून असलेल्या रेल्वेच्या विस्तीर्ण यार्डामुळे. येथे रात्रभर ऐकू येते ती लाटांची गाज नव्हे. वाघिणी एकमेकींना जोडल्याचा खणखणाट. रेल्वेने मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर. वडील यार्डात नोकरीला होते, आई विदर्भातली. दोघांनाही समुद्र दाखवावा, म्हणून काही वर्षांपूर्वी मी त्यांना मुंबईला घेऊन गेलो आणि किनाऱ्याजवळच्या एका साध्या लॉजमध्ये उतरलो.

व्यवस्थापकाने दोन दर सांगितले. खोली तितकीच, खाट तीच, पंखा तोच. परंतु दुसऱ्या दराच्या खोलीतून समुद्र दिसतो. “काकी, समुद्राचे वेगळे पैसे पडतात,” तो आईला नम्रपणे म्हणाला. आईने माझ्याकडे पाहून विचारले, “समुद्र काय यानं खोदला का?”

आम्ही ज्यादा पैसे दिले. खिडकीतून दोन इमारतींच्या मध्ये हातभर रुंदीची निळी पट्टी दिसत होती. ती पाहून वडील म्हणाले, “समुद्र आहे, पण थोडा आहे.” तो विनोद आमच्या घरी अजून चालतो. आईचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. पुढे कामानिमित्त ह्या विषयावरचे पुष्कळ वाचन झाले, तेव्हा ध्यानात आले की किनाऱ्यावरील हॉटेल, मद्यगृह आणि विश्रामगृह यांच्या साऱ्या खरेदी-विक्रीच्या मुळाशी तोच प्रश्न आहे. जी वस्तू मालकाची नाही, तिची किंमत तो आपल्याकडून कशी घेतो?

प्रथम हॉटेलचा व्यवहार समजून घेऊ. दुकानात आज न विकलेले कापड उद्या विकता येते. आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. आमच्या यार्डातील माणसाला हे चटकन उमगेल, कारण रिकामी गेलेली वाघीण आणि रिकामी गेलेली खोली यांचे दुःख एकच. खोली भरो वा न भरो, नोकरांचा पगार, वीज, डागडुजी आणि कर्जाचे व्याज चालूच असते. म्हणून गिऱ्हाईकाला आपल्याच दाराशी आणणारी गोष्ट जवळ असणे हे मालकाचे खरे भांडवल होय. किनाऱ्यावर ती गोष्ट म्हणजे समुद्र. विटा आणि फरशा कोणीही आणू शकतो, समुद्रासमोरची जागा आणता येत नाही.

मुंबईत ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण काळा घोडा भागात अजून उभे आहे. अमेरिकेत 1861 ते 1865 ह्या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानालगतच्या जागा लिलावाने विकल्या जाऊ लागल्या. जॉन वॉटसन नावाच्या इंग्रज कापडव्यापाऱ्याने तेथे हॉटेल बांधावयाचे ठरविले. तेही कसे? इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतवून, त्याचे भाग जहाजाने आणून येथे जोडले. पोलादाच्या गावातून आलेल्या माझ्या वडिलांना मी ही इमारत दाखविली, तेव्हा ताजमहाल हॉटेलपेक्षा ते तिच्यापुढे अधिक वेळ उभे राहिले. खांब, तुळया आणि त्यांचे जोड ते न्याहाळीत होते. मग म्हणाले, “म्हणजे हॉटेल मालगाडीनं आल्यासारखंच झालं.”

त्या काळी मैदानापलीकडे बॅक बेचा समुद्र आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता. वॉटसनचे हॉटेल लवकरच नावारूपास आले. सुमारे 130 खोल्या, तळमजल्यावर उपाहारगृह आणि मद्यगृह. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ येथेच झाला. मार्क ट्वेन त्याच वर्षी येथे उतरला होता.

आणि मग सात वर्षांतच, 16 डिसेंबर 1903 रोजी, अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. वॉटसनच्या हॉटेलात टाटांना प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी ताज बांधले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा कोणी दिलेला नाही, आणि कथेवाचूनही गोष्ट समजण्याजोगी आहे. ताज थेट पाण्यासमोर होते. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य ह्या मराठी वास्तुरचनाकाराने डी. एन. मिर्झा यांच्यासह केला. वैद्य 1900 साली वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्ण केले. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूस होते. त्यावरून “इमारत उलटी बांधली गेली” अशी एक दंतकथा निघाली. ती खरी नव्हे. गाड्या शहराकडून येत आणि वारा समुद्राकडून येई, एवढा साधा हिशेब त्यामागे दिसतो. आज आपण ज्याच्यामुळे ती जागा ओळखतो, ते गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झाले ते 1924 साली, म्हणजे हॉटेलच्या नंतर एकवीस वर्षांनी. ते बांधले सरकारने, आणि त्याच्या शेजाराचा लाभ हॉटेलला आपोआप मिळाला. शेजाऱ्याने दिवा लावला की आपल्या ओसरीवरही उजेड पडतो, तसेच हे.

वॉटसनचे हॉटेल मात्र मागे पडत गेले आणि अखेर बंद झाले. 1960 नंतरच्या काळात त्याच्या खोल्यांचे आणखी तुकडे पाडून ते भाड्याने दिले गेले. वकील, छापखाने, लहानसहान कचेऱ्या तेथे आल्या आणि इमारतीस एस्प्लनेड मॅन्शन हे नाव पडले. येथे एका कायद्याची आठवण द्यावयास हवी. 1947 चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आपण चाळींच्या आणि पागडीच्या संदर्भात ऐकलेला असतो. परंतु त्याच्या पूर्ण नावातच ‘हॉटेल आणि निवासगृहांचे दर’ हे शब्द होते. बाहेरून आलेल्या माणसाला रात्रीपुरत्या निवाऱ्यासाठी कोणी नाडू नये, हाही त्या कायद्याचा हेतू होता. हेतू चांगला, भाडेकरूंना त्याने आधारही दिला. पण सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेवलेल्या भाड्यात जुन्या इमारतींची देखभाल होईना. 1999 च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. 2005 साली एस्प्लनेड मॅन्शनच्या सज्जांचा भाग कोसळला. जगातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या एका यादीतही तिचे नाव आले. 2019 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. पाडावी की राखावी, यावर तज्ज्ञांची मते विरुद्ध पडली.

मद्यगृहाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे किंमत समुद्राची नसते, परवान्याची असते. एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली आणि मोठ्या हॉटेलांतील मद्यगृहे एका दिवसात निरुपयोगी झाली. पुढे नियम सैल झाले. पण महाराष्ट्रातील शहरांत ‘परमिट रूम’ ही पाटी आपण आजही वाचतो, ती त्या काळाचीच खूण. अलीकडचे उदाहरण पाहा. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीस बंदी केली. 1 एप्रिल 2017 पासून ती अनेक ठिकाणी अमलात आली. इमारती त्याच, रस्ते तेच, परंतु जागांचे मोल रातोरात उतरले. केरळातील उत्तर परवूर येथील एका मद्यगृहाने तर दारापर्यंतची वाट नागमोडी बांधून अंतर वाढविल्याचे वृत्त देशभर गाजले. त्याच वर्षी न्यायालयाने शहरांच्या हद्दीपुरते स्पष्टीकरण दिले आणि पुष्कळांची दारे पुन्हा उघडली. जे मोल सरकारी कागदाने चढते, ते सरकारी कागदानेच उतरते. म्हणून ह्या धंद्यात पैसे गुंतविण्याचा मोह कोणा नातलगाने घातलाच, तर आधी परवाना कोणाच्या नावे आणि कोणत्या जागेसाठी आहे, हे विचारावे.

सरकार स्वतः हॉटेलचे मालक असेल तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. जुहूच्या किनाऱ्यावर आणि विमानतळाजवळ सेंटॉर नावाची दोन सरकारी हॉटेले होती. 2002 साली दोन्ही विकली गेली. जुहूचे 153 कोटी रुपयांस, विमानतळाजवळचे 83 कोटींस. दुसरे विकत घेणाऱ्याने अवघ्या काही महिन्यांत 115 कोटींस पुढे विकले. संसदेत आणि वृत्तपत्रांत गदारोळ झाला, आणि देशाच्या महालेखापरीक्षकांनीही ह्या विक्रीवर आक्षेप नोंदविले. अशा विक्रीत मूळ वाद एकच असतो. हॉटेल आज किती कमावते यावर किंमत ठरवावी, की ती जागा उद्या किती कमावू शकेल यावर? तोट्यातील हॉटेल पहिल्या मापाने कवडीमोल ठरते आणि दुसऱ्या मापाने सोन्याचे.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. किनाऱ्यावरील जागेचे मोल वाढविणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तेथे बांधण्यास असलेली बंदी. 1981 साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले, की भरतीच्या रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवावा. पुढे 1991 साली त्यासंबंधी अधिसूचना निघाली. 2019 च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास मज्जाव असलेला पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. नवे बांधता येत नाही तेथे जे आधीच बांधलेले आहे, ते महाग होते. किनारा वाचविण्यासाठी केलेला नियम जुन्या मालकांना नकळत देणगी देऊन जातो, हे मला पुष्कळ दिवस ध्यानात आले नव्हते.

आणि किनाऱ्यावर पोहोचण्याची वाट? पणजीनजीक दोनापावला येथे वांयगिणी नावाचा लहान किनारा आहे. 1980 च्या दशकात तेथे सिदाद दे गोवा हे हॉटेल उभे राहिले. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. हॉटेलसाठी काही जमीन सरकारने संपादन करून दिली, आणि 1983 च्या करारात अट होती की लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट मोकळी राहील. पुढे हॉटेलचा विस्तार झाला आणि ती वाट त्याखाली गेली, अशी तक्रार ग्रामस्थांनी केली. खटला वर्षानुवर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठाने लोकांच्या बाजूने निर्णय दिला. 20 जानेवारी 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि किनाऱ्यासारख्या नैसर्गिक संपत्तीचा शासन हा जनतेच्या वतीने विश्वस्त असतो, हे तत्त्व त्यात मांडले. वाचकहो, येथे गोष्ट संपली असती तर मला लिहावयास बरे वाटले असते. त्याच वर्षी गोवा शासनाने भूसंपादनाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि हॉटेलचे बांधकाम वाचले. त्या दुरुस्तीला आव्हान दिले गेले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. हॉटेल, तेथील नोकऱ्या, करांचे उत्पन्न हे सारे एका बाजूस. दुसऱ्या बाजूस एक पायवाट, जिचे उत्पन्न कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

मी हॉटेलांचा विरोधक नव्हे. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत कितीतरी घरांनी आपल्या दोन-दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या आहेत, आणि त्या खोल्यांच्या भाड्यावर मुलांची शिक्षणे होत आहेत. समुद्र दिसणाऱ्या खिडकीचे दोन पैसे जास्त घेणाऱ्या त्या व्यवस्थापकाविषयीही माझी तक्रार नाही. तेवढ्या पट्टीचे त्याने जरा कमी घ्यावयास हवे होते, इतकेच. आपण कुटुंबासह निघालात तर खोली ठरविण्यापूर्वी खिडकी उघडून पाहावी. दर विचारताना जेवण, कर आणि ज्यादा खाटेचे पैसे त्यात आले की नाही, ते विचारून घ्यावे. आणि किनाऱ्यावर जाण्याची सार्वजनिक वाट कोठून आहे, हे स्थानिक माणसाला अवश्य विचारावे. वाटेवरून माणसे येत-जात राहिली तर ती वाट राहते.

परतीच्या दिवशी आमची गाडी रात्रीची होती. खोली दुपारी सोडावी लागली, आणि सामान लॉजच्या कपाटात ठेवून आम्ही मरीन ड्राइव्हवर गेलो. तेथे हॉटेले आणि इमारती रस्त्याच्या एका बाजूस आहेत आणि समुद्र दुसऱ्या बाजूस. मध्ये रुंद पदपथ आणि लांबलचक कठडा. त्या कठड्यावर बसण्यास कोणी पैसे मागत नाही. आईने डब्यातील दशम्या काढल्या. समोर सारा समुद्र होता. वडिलांनी घड्याळ पाहिले आणि गाडीस अजून चार तास आहेत, असे सांगितले.