चित्रकलेचा तास म्हणजे ऑफ पिरियड नव्हे!

स्पष्टच लिहितो. आपल्या बहुतेक शाळांत चित्रकलेचा तास दोनच कामांना येतो. एक, गणिताचा पोर्शन राहिला की त्या सरांना देऊन टाकायला. दोन, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घ्यायला. वस्तुचित्रात तांब्या, पेला आणि शेजारी कापड. स्मरणचित्रात जत्रा नाहीतर भाजीबाजार. दहावीला वाढीव गुण मिळतात. पालक खूश, शाळा खूश.

या परीक्षांना माझा विरोध नाही. हात बसायलाच हवा. पण इतकी वर्षं चित्रकला शिकून पोर बाहेर पडतं, तेव्हा त्याला राजा रविवर्म्यानंतरचा एक चित्रकार धड सांगता येत नाही. हुसेन जन्मले पंढरपुरात, गायतोंडे नागपुरात, सूझा गोव्यात. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला १९४७ मध्ये, मुंबईत. म्हणजे भारताच्या आधुनिक कलेचा मोठा भाग आपल्या अंगणात घडला, आणि आपल्याच मुलांना त्याचा पत्ता नाही.

जिथे शिकवतात तिथे काय शिकवतात? इम्प्रेशनिझम, क्युबिझम, सर्रिअलिझम. नावं आणि सनावळ्या पाठ करा, रिकाम्या जागा भरा, विसरून जा. अशाने 'मॉडर्न आर्ट म्हणजे आपल्याला न कळणारं काहीतरी' हेच मनात पक्कं बसतं.

माझं म्हणणं साधं आहे. सनावळीने शिकवू नका, विषय घेऊन शिकवा. पोरांच्या जगण्यातला विषय घ्या आणि त्यावर वेगवेगळ्या काळातल्या कलावंतांनी काय केलं, ते शेजारी शेजारी ठेवा.

उदाहरणार्थ, 'घर सोडणं'. रामकिंकर बैज यांचं शांतिनिकेतनमधलं 'संथाळ कुटुंब' हे १९३८ चं शिल्प दाखवा. आई, बाप, लेकरं, कुत्रा आणि सगळा संसार घेऊन निघालेली माणसं. त्याच्या शेजारी झरीना हाश्मींची १९९९ ची छापचित्रं ठेवा. छत्तीस लाकडी ठसे, प्रत्येकाला एक उर्दू शब्द, आणि माणूस एकही नाही! फाळणीनंतर ज्यांचं कुटुंब पाकिस्तानात गेलं, त्या बाईने घर असं मांडलं. आता वर्गाला विचारा, माणूस न काढता घर कसं दाखवलं? ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचं पोर वर्गात असेल, तर ते जे बोलेल ते कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही.

किंवा 'बदलतं गाव' घ्या. सुधीर पटवर्धनांचं 'लोअर परळ' दाखवा. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी शहरातली कष्टकरी माणसं रंगवली. मग अतुल डोडियांची दुकानाच्या शटरवर काढलेली चित्रं दाखवा. शटर वर सरकवलं की आत दुसरं चित्र. शटर कोणत्या पोराने पाहिलेलं नाही? बंद शटर कधी कधी पाहिलं, एवढं विचारलं तरी अर्धा तास पुरणार नाही.

यावर ठरलेली उत्तरं येतात. 'मुलांना कळणार नाही.' अहो, मुलांना कळतं. 'हे मलाही काढता येईल' असं ती बेधडक म्हणतात. म्हणू द्या. काढ मग, म्हणा. काढताना जे अडतं, तिथूनच शिकणं सुरू होतं. 'वेळ नाही.' महिन्यातून एकच तास मागतोय. 'साधनं नाहीत.' स्मार्ट बोर्ड उद्घाटनाच्या फोटोपुरता आणला होता का?

एका आक्षेपात मात्र दम आहे. विषय घेतला की चित्राचं पोस्टर होतं. 'पाणी' म्हटलं की नळ, थेंब आणि खाली 'पाणी वाचवा'. हा धोका खरा आहे. म्हणून विषय घोषणा म्हणून नको, प्रश्न म्हणून द्या. आणि चित्र कशाबद्दल आहे याच्याआधी ते कसं केलंय हे बघायला लावा. रंग कुठे जाड आहे, जागा कुठे मोकळी सोडली, कोण कडेला ढकललं गेलं. हे बघणं जमलं नाही, तर विषय कितीही थोर असो, तास वाया गेला.

हे कलावंत घडवण्यासाठी नाही. आजचं पोर दिवसभर मोबाइलवर चित्रंच बघतं; जाहिराती, रील्स, नेत्यांचे बॅनर. प्रत्येक चित्र कुणीतरी, काहीतरी हेतूने रचलेलं असतं. ते वाचता न येणारा नागरिक सहज फसतो. कुणाला फसवायचंय, ते वेगळं सांगायला नको.

राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०२० पासून कलेशी जोडलेल्या शिक्षणाची भाषा आहे. कागदावर सगळं झकास! पण अनेक शाळांत कलाशिक्षकाचं पदच भरलेलं नाही. तेव्हा येत्या पालकसभेत टक्केवारीच्या आधी दोन प्रश्न विचारा. आमच्या शाळेत कलाशिक्षक आहे का? आणि असेल, तर त्याचा तास त्याला मिळतो का?

उत्तर काय मिळालं ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. शाळेचं नाव नको, तालुका पुरे.