सामना कानांना झेपू दे

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांमधले तालमीचे संघ भिडतात, तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून पोरेही फुटबॉलवेडी होतात. हे वेड हवेच, घाई नको. मोठ्यांना ८५ डेसिबल आवाज ८ तास सोसतो, १०० डेसिबल जेमतेम १५ मिनिटे. भरलेले मैदान गोल होताच तो आकडा सहज गाठते. बाळाची कर्णनलिका लहान, त्यामुळे तोच आवाज कानात अधिक तीव्र होतो. अंतःकर्णातील नाजूक पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत शाळेच्या मैदानावरचे सामने पुरेत. मोठ्या लढतीला नेताना कान झाकणारे इअरमफ घालावेत. कापसाचे बोळे कुचकामी. जागा दरवाजाजवळ घ्यावी आणि मूल कानांवर हात ठेवू लागले, तर बरोबरी असली तरी उठावे.